साडेपाचशे किलोची गाडी विकली, आता काय चालवायचं? चोर्ला, आंबोली आणि हायवेवर बघितलेल्या गाड्यांचा रिव्ह्यू

हल्ली जो भेटतो तो एकच विचारतो, मग काय घेतलास? आणि अजून बघायलोय म्हटलं की लोकांना वाटतं ह्याचं काहीतरी बिनसलंय, कारण बेळगावात गाडी घ्यायची म्हणजे क्रेटा की सेल्टॉस एवढाच प्रश्न असतो आणि तोसुद्धा शेवटी रंगावर मिटतो. आता घेतलीय एकदाची, म्हणून मधे काय काय चालवून बघितलं ते सगळं एका जागी लिहून टाकतो. आधीच सांगतो, सनरूफ केवढं आणि स्क्रीन किती इंची हे बघायचं असेल तर हे वाचण्यात टाइमपास होईल. मी त्यातलं काही बघितलंच नाही, एका गाडीत तर एसी लावायचा राहून गेला.

आधी काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी इंग्लंडात मिडलंड्सकडं कामाला होतो, तिथं माझ्याकडं सेकंडहँड कॅटरहॅम सेव्हन होती, दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार. मूळची ही लोटसची गाडी, त्या कंपनीच्या कॉलिन चॅपमननं १९५७ ला काढली, नंतर १९७३ ला तिचे हक्क कॅटरहॅमनं घेतले आणि तीच गाडी थोडी थोडी बदलत अजून विकायलेत. ही गाडी घरी जोडायचं किट म्हणूनपण विकायचे, त्याचं कारण टॅक्स. तयार गाडीवर तिकडं परचेस टॅक्स होता, सुट्या पार्टवर नव्हता, मग लोक खोकी घरी आणायचे आणि गॅरेजमध्ये पाना घेऊन बसायचे. १९७३ ला व्हॅट आला आणि ती पळवाट गेली, खरं जोडायची हौस काही गेली नाही, आजही किट मिळतंय.

माझी आधीच्या मालकानं घरीच जोडलेली, १.६ लिटरचं फोर्ड सिग्मा इंजिन, १२५ बीएचपी, म्हणजे हॉर्सपॉवर. आता १२५ बीएचपी ऐकून कुणी मान वळवून बघणार नाही, खरं गाडीचं वजन साडेपाचशे किलोच्या आसपास, म्हणजे टनाला सव्वादोनशे बीएचपीच्या वर गेला हिशोब. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही, एअरबॅग नाही, दरवाजे म्हणाल तर कापडाचे, ते पण काढून ठेवायचे. पुढची चाकं बॉडीच्या बाहेर, त्यांच्यावरचे छोटे मडगार्ड चाकाबरोबर वळतात आणि रस्ता उंचसखल असला की वरखाली नाचतात, आणि हे सगळं तुम्हाला सीटवर बसून समोर दिसतं. चाक नेमकं कुठं आहे, रस्त्यानं त्याला किती उचललं, हे डोळ्याला आणि हाताला एकदमच कळतं. बसायचं इतकं खाली की हात बाहेर सोडला तर बोटं डांबराला लागतील. पेडल इतकी जवळजवळ की रुंद बूट घातला तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही एका पायाखाली. पाऊस आला की वरचं कापड ताणून बटणं लावेपर्यंत आपण भिजलेलो असतोच, मग लावायचं कशाला.

इकडं परत यायचं ठरलं तेव्हा ती विकली. आणायचा विचार केला नाही असं नाही. खरं परदेशातनं जुनी गाडी आणायची तर ती तयार होऊन तीन वर्षांच्या आतली पाहिजे, माझी कितीतरी जुनी, आणि नियमात बसली असती तरी ड्यूटीत अजून एक गाडी आली असती. मग उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियातला एक मित्र म्हणाला, आणतोस कशाला, इथंच करूया की! बेळगावच्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे, क्रँकशाफ्ट इथं होतात, कास्टिंग इथं होतं, हायड्रॉलिकचं सगळं इथं, चार पाइप वेल्ड करून चासी करायला काय जातंय. चासी होईल रे बा, नंबर कोण देणार? तिकडं घरी जोडलेल्या एकेका गाडीची सुटी तपासणी करून नंबर द्यायची सोय आहे, आयव्हीए म्हणतात त्याला. आपल्याकडं कंपनीनं प्रोटोटाइप एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडनं पास करून घ्यायचा आणि मग तशाच गाड्या काढायच्या, अशी पद्धत. आहे त्या गाडीत मोठा बदल करायचा म्हटलं तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं ते अजून स्पष्ट केलंय, कंपनीनं जशी दिली तशीच. म्हणजे शेतात फिरवायला गाडी केली असती आम्ही. फक्त ट्रॅकवर हौस फेडायची तर कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंग आहे, तासाभरात मनगटं भरून येतात, झकास. खरं कार्टमधनं भाजी आणता येत नाही.

तर मग अटी काय होत्या. ऑन रोड बारा लाखाच्या आत, मॅन्युअल गिअर, रोज शहापूर ते उद्यमबाग जायचं, खडेबाजारात पार्किंग मिळाली पाहिजे, आणि महिन्यातनं कधीतरी सकाळी लवकर उठून जांबोटीवरनं चोर्ला घाट नाहीतर शिनोळीवरनं आंबोली घाट. घरात बाबांची इनोव्हा आहे त्यामुळं सगळ्यांनी मिळून देवाला जायचा प्रश्न ह्या गाडीवर नव्हता, ही अट महत्त्वाची, पुढं परत येतो त्याच्यावर. आणि मुख्य अट एकच, वजन. सेव्हन चालवल्यावर एक कळतं की मजा स्पीडमध्ये कमी आणि गाडी ऐकते किती ह्याच्यात जास्त असते. जड गाडी ऐकते, खरं थांबून ऐकते. तुम्ही वळवता, ती विचार करते, मग वळते. शोरूमवाला पॉवर सांगतो, टॉर्क सांगतो, डिकी किती लिटरची सांगतो, कर्ब वेट म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन विचारलं की आत जाऊन ब्रोशर शोधतो. एका शोरूममध्ये तर पोरगं मला म्हणालं, सर जड गाडी चांगली असते, हायवेला बसते. चुकीचं नाही त्याचं, खरं मला बसायची नको होती, उठायची पाहिजे होती.

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे काँग्रेस रोडवरनं एक चक्कर, शेजारी तो मुलगा हळू सर हळू सर करतोय, त्यात काय कळणार. म्हणून ज्यांच्या ज्यांच्याकडं ह्या गाड्या आहेत त्या भावकीतल्या आणि मित्रांच्या पाया पडलो आणि त्यांच्या गाड्या मागून आपल्याच रस्त्यावर नेल्या.

पहिली ह्युंदाई आय ट्वेंटी एन लाइन, कोल्हापूरच्या आत्तेभावाची. १ लिटर टर्बो, १२० पीएस (बीएचपीच्या जवळपासच धरा), १७२ एनएम टॉर्क, सहा गिअर मॅन्युअल. हे मॅन्युअल २०२३ च्या शेवटाकडच्या मॉडेलपासून आलं, त्याच्या आधी क्लचपेडल नसलेला आयएमटी होता, सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे बघून घ्या. कोल्हापूर ते बेळगाव मी चालवत आणली आणि निपाणी सोडल्यावर तवंदी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ज्या पद्धतीनं ती ओढते ना, भाऊ शेजारी बसून नुसता हसायला लागला. चारी चाकांना डिस्क, ब्रेक एकदम भरोशाचे. हायवेवर चालवायची असेल तर पुढचं वाचूच नका, हीच घ्या. खरं दुसऱ्या दिवशी तीच गाडी पिरनवाडीवरनं जांबोटीच्या रस्त्याला घातली आणि जरा हिरमोड झाला. सस्पेन्शन कडक, सोळा इंची चाकं, खड्ड्यात गेली की आवाज पाठीत. स्टीअरिंग जड केलंय, स्पोर्टी वाटावं म्हणून, खरं नुसतं जड असून काय उपयोग, खालचं काही वर येत नाही. पुढचं चाक ओल्या मातीवर आहे का डांबरावर हे मला सेव्हनमध्ये तळहाताला कळायचं, हिच्यात आवाजावरनं ओळखावं लागतं.

टाटा अल्ट्रोझ रेसर, ही पण १२० पीएस, १७० एनएम, सहा गिअर. हिच्याबद्दल फार लिहीत नाही कारण माझी आणि तिची पत्रिकाच जुळली नाही. सीट छान, पुढच्या सीटला गार हवा येते, दरवाजा लावला की धप्प असा भारदस्त आवाज, बायकोला मनापासून आवडली. अल्ट्रोझला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार आहेत, तो मुद्दा आमच्या घरी बराच वाजला. खरं गिअर टाकताना हात लांब जातो आणि वळणावर गाडी मोठी वाटते. लांबच्या प्रवासाला आरामात जाणाऱ्यांची गाडी आहे ती, नावात रेसर असली तरी.

मग पोलो. फोक्सवॅगन पोलो, १ लिटर टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल, ११० पीएस, १७५ एनएम, सहा गिअर मॅन्युअल. २०२२ ला भारतात बंद झाली, आणि बंद झाल्यावर लोक तिच्याविषयी असं बोलायला लागलेत की हयातीत कुणी एवढं चांगलं बोललं नसेल. निपाणीच्या एका मित्राकडं आहे, त्यानं चावी दिली खरं शेजारी स्वतः बसला, गाडीवर एवढा जीव. ह्या सगळ्यांत स्टीअरिंग हिचं सगळ्यात चांगलं, ह्यात वाद नाही. मधे घट्ट, वळवलं की सरळ कामाला लागतं. आंबोलीच्या वाटेवर पाटणे फाट्याच्या पुढं मोठी मोठी वळणं आहेत, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या नसल्या तर तिथं गाडीची खरी परीक्षा होते, तिथं पोलो रुळावर असल्यासारखी गेली. घेतली असती. खरं सेकंडहँड मॅन्युअल टीएसआय मुळातच कमी, जी आहेत ती विकणारे सोन्याच्या भावानं विकायलेत, आणि बऱ्याच गाड्यांत आधीच कुणीतरी ईसीयूशी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी, खेळून ठेवलेलं. विचारलं की म्हणतात, नाही हो, कंपनी फिटेड. मागचा पाइप बघा आणि काय ते ठरवा. फियाटची अबार्थ पुंटो पण मनात येऊन गेली, १.४ टी-जेट, १४५ बीएचपी, दिसायला नुसती आग. खरं पार्टसाठी देशभर फोन करत बसायचं वय राहिलं नाही आता.

ह्याच्यानंतर सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते मारुतीच्या जिम्नीनं. कागदावर बघितलं तर माझ्या यादीत ती असायलाच नको. कर्ब वेट बाराशे किलोच्या आसपास, म्हणजे दोन सेव्हन आणि वर एक धट्टाकट्टा माणूस. १५०० चं इंजिन, १०५ पीएस, १३४ एनएम, ह्यात पळणार काय? पळत नाहीच. खानापूरच्या मित्राची आहे, त्याच्याबरोबर नागरगाळीकडच्या जंगलातल्या रस्त्याला गेलो आणि चालवताना पहिल्यांदा लक्षात आलं की आपण हसायलोय. कारण गाडीत करायला काम आहे. लॅडर फ्रेम, दोन्ही एक्सल अखंड, चढाला-चिखलाला लागणाऱ्या लो रेंज गिअरचा वेगळा लिव्हर, बोनेटचे चारी कोपरे सीटवरनं दिसतात, गाडी कुठं संपते ते कळतं. चाळीसच्या स्पीडला पण हात-पाय-डोळे तिन्ही गुंतलेले. सेव्हनमध्ये पण हेच होतं, फक्त स्पीड वेगळा. वेगळ्या वाटेनं त्याच गावाला पोचणारी गाडी म्हणा. माझ्या यादीत ती दुसरी आली, आणि जर मी खानापूरच्या पलीकडं राहायला असतो तर पहिली आली असती. घोडं अडलं ते हायवेवर, हत्तरगीच्या पुढं मोकळ्या माळावर वारं सुटलं की ती हलते, शेजारनं कंटेनर गेला की अजून हलते, आणि मला कामासाठी कोल्हापूरला सारखं जावं लागतं. त्यात जीएसटीचं बघा, २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा टॅक्स २८ वरनं १८ वर आला, खरं तो बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोलला. जिम्नीचं इंजिन मोठं म्हणून ती ४० टक्क्यांत. लांबीला चार मीटरच्या आत असून.

जिम्नी बघितली म्हणजे जिप्सी आठवणारच. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात, कॅम्पातनं शाळेला जाणारा प्रत्येक पोरगा मिलिटरीच्या जिप्सी बघतच मोठा झालाय. १३०० चं इंजिन, ८० बीएचपी, वजन टनाच्या आसपास, साधं यंत्र, उघडलं की सगळं दिसतं. लिलावातल्या जिप्सी मिळतात अजून, एक चालवूनही बघितली. पुढं-मागं लीफ स्प्रिंग, कपिलेश्वर फ्लायओव्हरच्या जॉइंटवरनं गेलो तर आई मागच्या सीटवरनं म्हणाली, मला हितंच उतरव, मी रिक्षानं येते. संपला विषय.

बुलेटवाल्या मित्रांनी काँटिनेंटल जीटी सुचवली, हलकं पाहिजे तर दोन चाकीच घे म्हणाले. बरोबर आहे त्यांचं, खरं कणकुंबीचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना जून ते सप्टेंबर बाइक कुठं असते ते माहिती आहे. ईव्ही पण चालवली एक, सिग्नलवरनं उडते, वळणावर बॅटरीचं वजन आठवण करून देतं. पुढं बघू.

आता जी घेतली ती. हसायचं असेल तर हसून घ्या. स्विफ्ट. २०२३ ची, तिसऱ्या पिढीतली, १२०० पेट्रोल, पाच गिअर मॅन्युअल, वरचं मॉडेल. साडू म्हणाला, एवढं लंडन बघून आलास आणि टूरिस्टवाल्याची गाडी घेतलास? त्याला म्हटलं टूरिस्टवाल्याची डिझायर असते, खरं त्याला काय फरक पडतोय.

का घेतली, तर वजन. हिचं कर्ब वेट नऊशेच्या आत, ८७५ ते ९०५ असा कंपनीचा आकडा आहे मॉडेलप्रमाणं, आणि मॅन्युअल त्यातल्या खालच्या बाजूला. इंजिन चार सिलिंडरचं के-१२ ड्युएलजेट, ९० पीएस, ११३ एनएम. टर्बो नाही, म्हणजे खालच्या आरपीएमला ढकलणार नाही, खरं जसं तुम्ही दाबाल तसं, तेवढंच, त्याच क्षणाला. २०२४ ला आलेली नवी स्विफ्टसुद्धा चालवली, तिच्यात तीन सिलिंडरचं झेड-१२ इंजिन, ८२ पीएस, मायलेजचा आकडा मॅन्युअलला २४.८. गावात नवी जास्त शहाणी आहे, हलक्या पायानं चालवणाऱ्याला पेट्रोल कमी लागेल, स्क्रीन मोठी, सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलला. साधा माणूस नवीच घेईल आणि घ्यावी. खरं चार हजार आरपीएमच्या पुढं जुनं इंजिन ज्या सुरात गातं तसं नवीन गात नाही, त्याचा आवाज चिडल्यासारखा येतो. जुन्या पिढीची शेवटी शेवटीची बघायचं अजून एक कारण म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-ट्वेंटी पेट्रोल, एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्याला चालतील अशा बनवलेल्या आहेत, आणि आता पंपावर दुसरं मिळतंय कुठं.

सेकंडहँड शोधायची म्हणजे आपल्या भागात वेगळीच शाळा आहे. बेळगावात एमएच-०९ च्या, म्हणजे कोल्हापूर पासिंगच्या, गाड्या इतक्या का दिसतात? कर्नाटकात पाच ते दहा लाखाच्या गाडीला १४ टक्के लाइफटाइम टॅक्स, दहाच्या वर गेली की १७, वर सेस. महाराष्ट्रात दहा लाखापर्यंतच्या पेट्रोलला ११. मग काकाच्या नावावर, मेव्हण्याच्या नावावर कोल्हापुरात पासिंग करून गाडी इथं. वर्षाच्या वर इथं फिरवायची तर एनओसी आणून इथला टॅक्स भरून केए नंबर घ्यावा लागतो हे विकणारा सांगत नाही, तो फक्त म्हणतो, कोण धरतंय हो. मी म्हणून केए नंबरच्याच बघत होतो, कुणी धरायची भीती नसली की झोप चांगली लागते.

दुसरं, पूर. २०१९ आणि २०२१ ला कोल्हापूर-सांगलीकडं आणि आपल्या चिकोडी भागात नदीकाठाला किती गाड्या पाण्यात होत्या ते सगळ्यांनी बघितलंय. त्या गाड्या कुठं गेल्या? धुऊन, पॉलिश करून, अत्तर मारून परत बाजारात. एका ठिकाणी एक गाडी दाखवली, नाव गाव सांगत नाही, बाहेरनं चकाचक, सीटवर नवं कव्हर. आमच्या मेस्त्रीमामांना बरोबर नेलं होतं. त्यांनी बोनेट उघडलंच नाही, पहिल्यांदा ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळट डाग, वर एकदम सरळ रेघ, पाणी कुठवर होतं ते मोजून दिल्यासारखं. मग सीट पुढं सरकवून खालची पट्टी बोटानं खरवडली, नखात बारीक गाळ आला. "मालक, हिला पोहायला येतंय," म्हणाले आणि चालायला लागले. दिसायला नवी गाडी, पण वायरिंगमध्ये एकदा पाणी शिरलं की कधी काय बंद पडेल देवाला माहिती. गाडी बघायला जाताना बेल्ट ओढून बघा, फुकट आहे.

माझी मिळाली ती गोकाककडच्या एका मास्तरांची, कंपनीत सर्व्हिसिंग, टायर मूळचे, सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. जीएसटी उतरल्यावर नव्या गाड्या स्वस्त झाल्या त्यामुळं जुन्यांचे भावपण खाली आले होते, सात लाखाच्या आत काम झालं. बारा लाखाचं बजेट होतं, उरलेले शिल्लक. हे ऐकून साडू गप्प.

चोर्ल्याला नेली. बेळगावच्या बाजूनं चोर्ला हा उतरायचा घाट, चढायची मजा गोव्याकडनं परत येताना. साखळीत टाकी फुल्ल करायची, तिथं पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, आणि सकाळी गोव्याच्या कदंबाच्या बस सुरू व्हायच्या आत निघायचं. चढाला दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा, एवढंच काम. तिसऱ्यात इंजिन दमलं की दुसरा टाकावाच लागतो, टर्बोसारखं निवांत बसून भागत नाही, आणि मला तेच पाहिजे होतं. ज्या वळणावर आय ट्वेंटी आधी ब्रेक मागत होती तिथं ही नुसतं ॲक्सिलरेटर सोडलं की नाक आत घेते. नऊशे किलो म्हणजे सेव्हनपेक्षा तीन-साडेतीनशे किलो जास्तच, दुधाची तहान ताकावर आहे हे मान्य, खरं ताक चांगलं आहे. ओल्या रस्त्यावर मागचं जरा हलकं वाटतं, एकदम स्टीअरिंग मारू नका, नवशिक्याला ते घाबरवेल. धुकं असलं तर विषयच सोडा, वीसच्या स्पीडनं वायव्य परिवहनच्या बसमागं चालायचं आणि ड्रायव्हरचं कौतुक करायचं.

आता वाईट काय ते. स्टीअरिंग सरळ रस्त्यावर मधोमध जरा सैल, वळणातनं बाहेर येताना आपोआप नीट परत येत नाही, हातानं आणावं लागतं, पोलोवाला हे बघून हसेल. सीट उंच, कितीही खाली केली तरी स्टुलावर बसल्यासारखं वाटतं, खाली बसायची सवय लागलेल्या माणसाला हे सगळ्यात जास्त टोचतं. दरवाजाचा आवाज पत्र्याचा. टायरचा आवाज आत येतो. ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर, रोजच्याला पुरतो, खरं अनगोळच्या काही स्पीडब्रेकरला चारजण बसल्यावर खाली घासते.

आणि सेफ्टी, हे लपवून उपयोग नाही. ह्या पिढीच्या स्विफ्टला ग्लोबल एनकॅपनं २०२२ च्या नव्या नियमांनी एक स्टार दिलाय. बायकोनं मोबाइलवर तो व्हिडिओ लावून माझ्यासमोर ठेवला आणि काही बोलली नाही. मी तिला सांगितलं की सेव्हनला एअरबॅगच नव्हती, त्याच्यावर ती म्हणाली, "तेव्हा मी तुझ्याशी लग्न केलेलं नव्हतं." उत्तर नाही ह्याला. म्हणून आमच्यात ठरलंय, पोरगी गाडीत असली आणि हायवेला जायचं असलं की इनोव्हा, स्विफ्ट माझी एकट्याची आणि गावातली. तुमच्या घरात एकच गाडी असणार असेल आणि लहान मुलं असतील तर माझं ऐकू नका, अल्ट्रोझ बघा नाहीतर पाच स्टारवालं दुसरं काहीतरी बघा.

मायलेज गावात चौदा-पंधरा, कोल्हापूरला सरळ गेलो तर वीसच्या आसपास, चोर्ल्यात विचारू नका. सर्व्हिसिंग स्वस्त, पार्ट गणपत गल्लीत चहा प्यायला जावं तसे मिळतात, हे पोलोवाल्याला सांगितलं की तो विषय बदलतो.

मेस्त्रीमामा मागं लागलेत, सोळा इंची अलॉय घाला, शो येतो. नको म्हटलं, मोठं चाक म्हणजे जड चाक, पंधराच राहू देत, फक्त मूळचे टायर आता दगड झालेत ते काढून जरा मऊ रबराचे टाकायचे, दसऱ्याच्या आत. मागची ट्रे काढून ठेवलीय, मास्तरांनी घातलेले जाड मॅट काढले, स्टेपनी आणि जॅक पण गावात फिरताना घरी असतात. चोर्ल्याला जायच्या आदल्या रात्री तेवढी स्टेपनी परत टाकतो, कणकुंबीच्या पुढं पंक्चर झालं तर फोनला रेंज पण येत नाही.